टेबलावर बसून शिकलेला पोरगा

कल्पना करा, ज्या विषयाचा फारसा अभ्यासच झालेला नाही, त्या विषयाच्या परीक्षेला तुम्ही बसलात. पेपर काही दिवस चालणारा. लिहिता लिहिताच विषय शिकत गेलात आणि शेवटी पहिला नंबर काढलात. दुसरा कोण आला? ज्यानं त्या विषयाचं पुस्तक लिहिलंय, तो!

१९८० साली लास वेगासमध्ये हे खरंच घडलं. विषय होता नो-लिमिट पोकर आणि पोरगा होता स्टू उंगर. वय २६, पण अंगकाठी अशी की शाळकरी वाटावा. सगळे त्याला 'द किड' म्हणायचे.

स्टू न्यूयॉर्कचा. मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड भागातला, १९५३ चा जन्म. वडील बुकी. त्यांचा बार होता आणि बारच्या आड जुगार चालायचा. म्हणजे पोराच्या कानावर बडबडगीतांआधी पैजांचे आकडे पडले असणार. दहाव्या वर्षी त्यानं जिन रमीची स्पर्धा जिंकली. पुढे वडील गेले, आई आजारी पडली, शाळा सुटली आणि घर चालवायला हा मुलगा पूर्णवेळ पत्ते खेळू लागला.

आपल्या घरी लग्नाच्या आदल्या रात्री जी रमी रंगते, तिचीच जिन ही चुलत बहीण. दोघांचा खेळ, हातात दहा-दहा पानं. समोरचा काय उचलतो आणि काय टाकतो, एवढंच दिसतं. तेवढ्यावरून स्टूला त्याचा जवळजवळ सगळा हात कळायचा. हॅरी स्टाइन नावाच्या त्या काळातल्या नावाजलेल्या खेळाडूला त्यानं ८६ विरुद्ध शून्य अशा डावांनी हरवलं. याचा परिणाम काय झाला माहितीये? स्टूसमोर जिन खेळायला कोणी बसेचना. तो इतका चांगला होता की बेकार झाला.

मग वेगास. १९७७ मध्ये बॉब स्टुपॅक या कॅसिनोवाल्यानं त्याच्याशी एक लाख डॉलरची पैज लावली. पत्त्यांचे सहा कॅट एकत्र पिसायचे, त्यातली अर्धी म्हणजे १५६ पानं स्टूला दाखवायची आणि उरलेल्या १५६ पानांत काय काय आहे ते त्यानं सांगायचं. स्टू पैज जिंकला. हे स्टुपॅक नाव लक्षात ठेवा.

आता जरा खेळाकडे वळू. वर्ल्ड सीरिज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा तेव्हा बिनियन्स हॉर्सशू या कॅसिनोत व्हायची. प्रवेश फी दहा हजार डॉलर, तेवढ्याच किमतीच्या चिप्स मिळायच्या. संपल्या की घरी. पुन्हा विकत घ्यायची सोय नाही. त्यात दर डावाला एकेका खेळाडूला आळीपाळीनं सक्तीची रक्कम टाकावी लागते, तिला ब्लाइंड म्हणतात आणि ती वाढत जाते. म्हणजे हॉस्टेलचं भाडं दर दोन तासांनी वाढावं, तसं. चांगल्या पत्त्यांची वाट बघत गप्प बसलात तर भाड्यातच संपाल. आणि 'नो-लिमिट' म्हणजे समोरचा कुठल्याही क्षणी सगळ्या चिप्स पुढे ढकलून तुमचा सगळा मुक्काम पणाला लावू शकतो.

टेक्सास होल्डेमच्या स्पर्धेत स्टू तेव्हा पहिल्यांदाच उतरला होता. एकूण ७३ जण. दिवसागणिक त्याचा खेळ सुधारतोय, हे त्याच्याशी खेळणाऱ्यांच्याही लक्षात येत होतं. जिनमधली नजर त्यानं इकडे वळवली. तिथे टाकलेलं पान वाचायचा, इथे लावलेली रक्कम वाचू लागला. कोण कधी जास्त लावतो, कोण दबाव आला की पत्ते टाकून देतो. आणि एक गोष्ट त्यानं फार लवकर हेरली. बाहेर पडायची भीती सगळ्यांनाच असते. मग घाबरलेल्याच्या समोर सतत रक्कम वाढवत राहायचं. लहान लहान डाव गोळा होतात, पत्ते न दाखवताच.

शेवटी उरले दोघे. स्टू आणि डॉयल ब्रन्सन, दोनदा विजेता ठरलेला, पोकरचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक ज्याच्या नावावर आहे तो. शेवटचा डाव नीट बघा. स्टूकडे इस्पिकची पंजी आणि चौकी. ब्रन्सनकडे एक्का आणि सत्ती. टेबलावर उघडली एक्का, सत्ती, दुर्री. ब्रन्सनच्या दोन जोड्या जमल्या. स्टूकडे काहीच नाही, फक्त तिर्री आली तर सिक्वेन्स. ब्रन्सननं पैसे लावले, पण बेताचे.

तुम्ही काय केलं असतं? न दिसलेली पानं ४७, त्यात तिर्र्या चार. पुढच्याच पानाला ती येण्याची शक्यता साधारण बारात एक. नुसतं गणित म्हणतं, पत्ते टाका. पण स्टूनं पैसे भरले. गमावायची होती ब्रन्सननं लावलेली तेवढीच रक्कम. तिर्री आली तर मिळणार होतं ब्रन्सनचं सगळं, कारण असा हात हातात असताना तो सोडून देणार नाही हे स्टूला दिसत होतं. पुढचं पान आलं, तिर्रीच. ब्रन्सननं सगळ्या चिप्स ढकलल्या आणि संपला. नशीब होतं का? होतंच. पण नशिबानं दार वाजवलं तर किती वसूल करायचं, हे स्टूनं आधीच ठरवलं होतं, आणि मला तरी हा डाव म्हणूनच आवडतो. बक्षीस ३,६५,००० डॉलर. पुढच्या वर्षी, १९८१ मध्ये, त्यानं पुन्हा तीच स्पर्धा जिंकली.

पैसा मात्र राहिला नाही. पोकरमध्ये मिळवायचा आणि घोड्यांवर, सामन्यांवर, गोल्फच्या पैजांवर उधळायचा. दुसऱ्याच्या लावण्यातली भीती वाचणारा हा माणूस रेसच्या खिडकीपुढे अगदी साधा गिऱ्हाईक होता; घोड्याचा चेहरा वाचता येत नाही आणि तिथे समोर घाबरणारंही कुणी नसतं. मग कोकेन आलं.

१९९० ची स्पर्धा. स्टू इतका पुढे होता की तिसऱ्या दिवशी तो टेबलावर आलाच नाही, तरी काही वेळ फरक पडला नाही. तो हॉटेलच्या खोलीत जमिनीवर बेशुद्ध सापडला होता. इकडे रिकाम्या खुर्चीपुढच्या चिप्समधून दर फेरीला ब्लाइंड कापले जात होते. ती रिकामी खुर्ची नववी आली आणि तिला २५,०५० डॉलर मिळाले. पोकरच्या इतिहासातला हा सगळ्यात विचित्र आणि सगळ्यात वाईट निकाल म्हणावा लागेल.

१९९७ मध्ये खिशात प्रवेश फीसुद्धा नव्हती. बिली बॅक्स्टर या मित्रानं ऐन वेळी पैसे भरले. पहिल्या दिवशी स्टू टेबलावर पेंगत होता. निळ्या काचांचा गोल चष्मा, कारण कोकेननं नाक आत बसलं होतं. आता ३१२ स्पर्धक होते, तरी अंतिम टेबलावर येताना सगळ्या चिप्सपैकी जवळपास एक तृतीयांश त्याच्याकडे होत्या. फ्रीमाँट स्ट्रीटवर, उघड्यावर, उन्हात ती फेरी झाली. ४४ व्या वर्षाकडे झुकलेला 'किड' पुन्हा तोच खेळ खेळला. सगळे बक्षिसाची पुढची पायरी गाठायला जपून बसलेले, आणि हा वाढवतोय, वाढवतोय. तिसरं विजेतेपद, दहा लाख डॉलर. निम्मे बॅक्स्टरचे. उरलेले काही महिन्यांत गेले.

१९९८ मध्ये बॅक्स्टर पुन्हा फी भरायला तयार होता. स्टू खोलीतून बाहेर आला नाही. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला वेगासमधल्या ओअ‍ॅसिस नावाच्या साध्या मोटेलमध्ये तो मृतावस्थेत सापडला. वय ४५. व्यसनानं हृदय निकामी झालं होतं. सोबत सुमारे ८०० डॉलर. अंत्यविधीच्या खर्चासाठी जमलेल्या लोकांकडून वर्गणी काढावी लागली. ती काढली बॉब स्टुपॅकनं.