जमीन हलली, पण भूकंप की अणुस्फोट? होमी भाभांच्या आयुष्यातली कमी सांगितली जाणारी गोष्ट

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढला की महाबळेश्वर आणि तिथून पलीकडे उतरलं की तापोळा. कोयना धरणाचं पाणी, म्हणजे शिवसागर जलाशय, थेट इथपर्यंत पसरलेला आहे. त्यामुळे महाड-पोलादपूर भागात जमिनीला हादरा बसला, मांडणीवरची भांडी वाजली, की पहिला प्रश्न ठरलेला असतो. कोयनेला झाला का?

थोड्याच वेळात मोबाईलवर आकडे येतात. किती रिश्टर, केंद्र कुठे, किती खोल.

हे आकडे देणारी भूकंपमापक यंत्रं १९६०च्या दशकात जगभर झपाट्याने बसवली गेली. त्यामागे फक्त भूकंपाची भीती नव्हती. दुसऱ्या देशाने जमिनीखाली चोरून अणुबॉम्ब फोडला तर तो ओळखायचा कसा, ही खरी चिंता होती. त्यासाठी अमेरिकेने वेगवेगळ्या देशांत शंभराहून अधिक ठिकाणी एकसारखी यंत्रं दिली. त्यातलं एक केंद्र पुण्यात होतं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला मोठा भूकंप झाला आणि दीडशेहून अधिक माणसं गेली, तेव्हा हे जाळं कामाला लागलेलं होतं.

पण दुसऱ्यांच्या यंत्रांवर अवलंबून न राहता भारताने आणखी एक पाऊल टाकलं होतं. त्या वेळी भारताच्या अणुकार्यक्रमाचे प्रमुख होते डॉ. होमी भाभा.

इंजिनिअर व्हायला गेले आणि शास्त्रज्ञ झाले

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईतल्या पारशी कुटुंबातला. त्यांच्या आत्या मेहेरबाई म्हणजे सर दोराबजी टाटांच्या पत्नी. मुलाने केंब्रिजला जाऊन इंजिनिअर व्हावं आणि परत येऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावं, असं घरच्यांनी ठरवलं होतं. भाभांनी १९३० साली इंजिनिअरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात दिली, पण मन रमलं ते भौतिकशास्त्रात. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात, याचं त्यांनी मांडलेलं गणित आजही त्यांच्याच नावाने ओळखलं जातं.

१९३९ मध्ये ते सुट्टीसाठी भारतात आले. तिकडे दुसरं महायुद्ध पेटलं आणि परतीचा रस्ता बंद झाला. काही वर्षं ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राहिले. मार्च १९४४ मध्ये त्यांनी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनासाठी संस्था मागितली. १९४५ मध्ये टीआयएफआर उभी राहिली. म्हणजे हिरोशिमावर बॉम्ब पडायच्या आधीच भाभा अणुविज्ञानाची तयारी करत होते. १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग झाला आणि अध्यक्ष झाले भाभा. १९५४ मध्ये तुर्भ्याचं, म्हणजे ट्रॉम्बेचं, केंद्र सुरू झालं.

एका स्फोटाने जग हादरलं

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने पॅसिफिक महासागरात बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. स्फोट अंदाजापेक्षा कितीतरी मोठा निघाला. दूर समुद्रात असलेल्या एका जपानी मासेमारी बोटीवर किरणोत्सारी राख पडली. बोटीवरचे २३ जण आजारी पडले आणि काही महिन्यांत त्यातला एक जण दगावला.

महिन्याभरात, २ एप्रिलला, पंतप्रधान नेहरूंनी लोकसभेत मागणी केली. अणुबॉम्ब नष्ट करण्यावर एकमत होईल तेव्हा होईल, निदान चाचण्या तरी आत्ताच थांबवा. चाचणीबंदीची जाहीर मागणी करणाऱ्या पहिल्या सरकारप्रमुखांमध्ये नेहरू होते.

पुढच्याच वर्षी जिनिव्हाला अणुऊर्जेच्या शांततामय वापरावर संयुक्त राष्ट्रांची पहिली मोठी परिषद भरली. तिचं अध्यक्षपद ४५ वर्षांच्या भाभांकडे आलं. त्याच वर्षाच्या शेवटी संयुक्त राष्ट्रांनी किरणोत्साराचे परिणाम अभ्यासायला समिती नेमली. तिच्यावर भारताकडून गेले मुंबईच्या टाटा मेमोरियलमधले कर्करोगतज्ज्ञ डॉ. वसंत खानोलकर. चाचण्यांची राख वाऱ्याने कुठेही जाते आणि ती दूध-धान्यातून माणसाच्या पोटात जाते, हे अशा अभ्यासांमुळे सरकारांना नाकारता येईना.

तपासणी हवी, पण सगळ्यांची

इथे भाभांची भूमिका समजून घ्यायला हवी. १९५६ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची घटना ठरत होती. मदत घेणाऱ्या देशांच्या अणुभट्ट्यांवर संस्थेने कडक नजर ठेवावी, असं बड्या देशांचं म्हणणं होतं. भाभांनी त्याला विरोध केला. ज्यांच्याकडे बॉम्ब आहेत त्यांच्या कारखान्यांत कुणी डोकावणार नाही आणि वीज बनवू पाहणाऱ्या गरीब देशाचं मात्र दप्तर तपासलं जाणार, हा न्याय त्यांना मान्य नव्हता. पुढे कित्येक दशकं भारत जगाच्या व्यासपीठावर हाच मुद्दा मांडत आला.

चाचणीबंदीचं घोडंही तपासणीवरच अडलं होतं. हवेतला किंवा पाण्यातला स्फोट लपत नाही. जमिनीखालचा मात्र भूकंपासारखाच दिसतो. १९५८ मध्ये जिनिव्हाला जमलेल्या तज्ज्ञांनी त्यासाठी जगभर सुमारे १७० तपासणी केंद्रं सुचवली. एप्रिल १९६२ मध्ये भारतासह आठ तटस्थ देशांनी मधला मार्ग ठेवला, की आहेत त्या वेधशाळा वापरा आणि संशयास्पद नोंदी शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाकडे द्या. तरी घोडं पुढे गेलं नाही. प्रत्यक्ष जागेवर जाऊन वर्षाला किती वेळा पाहणी करायची, यावर अमेरिका सातपर्यंत खाली आली आणि रशिया तीनच्या वर जाईना.

शेवटी ऑगस्ट १९६३ मध्ये करार झाला तो अर्धाच. हवेत, पाण्यात आणि अवकाशात चाचणीला बंदी, जमिनीखाली मोकळीक. भारताने तीनच दिवसांत त्यावर सही केली.

गौरीबिदनूरचे कान

मग जमिनीखालचं ऐकायचं कसं? भूकंपात खडक एका रेषेवर घासत सरकतात, त्यामुळे जमीन कुठे ढकलली जाते, तर कुठे ओढली जाते. स्फोट सगळ्या बाजूंना एकदम बाहेर ढकलतो. भूकंप बहुतेकदा कित्येक किलोमीटर खोल असतो, स्फोट वरवर. दोघांच्या लाटांचा आलेखही वेगळा येतो. पण हजारो किलोमीटरवरून आलेली ही खूण फार बारीक असते. वारा आणि समुद्राच्या लाटा यांच्या गोंगाटात ती हरवते.

उपाय असा, की एकाऐवजी अनेक यंत्रं ठरावीक अंतरावर मांडायची आणि सगळ्यांच्या नोंदी जुळवायच्या. गोंगाट एकमेकांना मारतो, खरी खूण ठळक होते आणि ती कोणत्या दिशेने आली तेही कळतं. ब्रिटनच्या सहकार्याने ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये बंगळूरच्या उत्तरेला गौरीबिदनूर इथे अशी २० यंत्रं काटकोनातल्या दोन रांगांत बसवली. स्कॉटलंड, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातही तशीच केंद्रं उभी राहिली.

आणि दुसरा हात

याच काळात भाभा आणखी एक दार उघडं ठेवत होते. १६ ऑक्टोबर १९६४ ला चीनने पहिला अणुस्फोट केला. आठवड्याभरात, संयुक्त राष्ट्र दिनी, भाभांनी आकाशवाणीवरून भाषण केलं. बड्या देशांनी निःशस्त्रीकरण करावं असं त्यात होतंच, पण दहा किलोटनचा स्फोट साधारण साडेसतरा लाख रुपयांत होऊ शकतो, असा हिशेबही होता. त्यात अणुभट्टी आणि प्लुटोनियमच्या कारखान्याचा खर्च धरलेला नाही, अशी टीका झाली. पण बॉम्ब हवा म्हणणाऱ्यांना आकडा मिळाला होता. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी अखेर शांततामय कामासाठीच्या स्फोटाच्या अभ्यासाला परवानगी दिली.

म्हणजे एकाच माणसाच्या हाताखाली दुसऱ्यांचे स्फोट ऐकणारे कान तयार झाले आणि आपल्या स्फोटाची तयारीही सुरू झाली. त्यांना ढोंगी म्हणणं सोपं आहे. पण नियम सगळ्यांना सारखा नसेल, तर आपण एकट्याने हात बांधून घ्यायचे नाहीत, हा त्यांचा १९५६ पासूनचा धागा होता. अडचण एवढीच, की प्रत्येक देश असाच विचार करू लागला तर चाचण्या कधीच थांबत नाहीत.

२४ जानेवारी १९६६ रोजी भाभा व्हिएन्नाला, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीला निघाले होते. एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ विमान आल्प्समधल्या माँ ब्लाँवर आदळलं आणि ११७ जण गेले. यामागे सीआयएचा हात होता, असे मेसेज अधूनमधून फिरतात. त्याचा पुरावा कधी समोर आलेला नाही. विमान नेमकं कुठे आहे याबद्दल वैमानिकाचा गैरसमज झाला, असा तपासाचा निष्कर्ष होता.

पुढे काय झालं?

१८ मे १९७४ ला पोखरणला भारताने पहिला स्फोट केला, जमिनीखाली. त्यामुळे १९६३ चा करार मोडला नाही. १९९६ मध्ये सर्व प्रकारच्या चाचण्यांवर बंदी घालणारा सीटीबीटी आला. बॉम्ब असलेल्यांनी ते कधी नष्ट करायचे याची मुदत त्यात नाही, म्हणून भारताने सही केली नाही. या कराराच्या तपासणीसाठी ३३७ ठिकाणांचं जाळं ठरलं. उत्तर कोरियाच्या २००६ ते २०१७ मधल्या सहाही चाचण्या त्याने टिपल्या. त्यातलं एकही ठिकाण भारतात नाही.

गौरीबिदनूर मात्र ऐकत राहिलं. मे १९९८ मध्ये पाकिस्तानने चगाईच्या डोंगरात केलेल्या स्फोटांची नोंद तिथे झाली.

म्हणून पुढच्या वेळी रात्री खिडकीची तावदानं वाजली आणि मोबाईलवर कोयनेचा आकडा आला, तर एवढं लक्षात ठेवा. जमिनीचं हे बोलणं जगाने इतक्या बारकाईने ऐकायला घेतलं, कारण माणसांचा एकमेकांवर भरवसा नव्हता. तो अजूनही पुरता बसलेला नाही. पण निदान आता कुणाला मोठा स्फोट गुपचूप करणं फार अवघड आहे.