फार्महाऊस सजवताय? मुरबाडच्या नाना शंकरशेठ यांनी वाड्याचे काय केले ते वाचा

शहापूर-मुरबाड पट्ट्यात जुनी कौलारू घरे दुरुस्त करून सुटीसाठी सजवली जातात. लाकडी तुळया, दगडी जोते तसेच राहते. भिंतीवर वारली चित्रे, ओटीवर झोपाळा येतो. कुलूप मात्र बहुधा शनिवारीच उघडते. याच मुरबाडमध्ये १० फेब्रुवारी १८०३ रोजी जन्मलेल्या जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेठ यांनी आपले घर निव्वळ स्वतःसाठी ठेवले नाही.

वाडा कोणासाठी?

घराणे मुंबईतील श्रीमंत व्यापाऱ्यांचे. १८२२ मध्ये वडील गेले आणि विशीच्या आतच कारभार नानांवर आला. पुढे सतीबंदीला त्यांनी पाठिंबा दिला. मुलींच्या शिक्षणाला विरोध होत असताना १८४९ मध्ये गिरगावातील आपल्या वाड्यात त्यांनी मुलींच्या शाळेला जागा दिली.

रेल्वेशी संबंध काय?

मुंबईत रेल्वे यावी म्हणून १८४५ पासून त्यांनी सर जमशेदजी जीजीभाई यांच्यासोबत प्रयत्न केले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या पहिल्या भारतीय संचालकांत ते होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे हे ३४ किलोमीटर अंतर गाडीने कापले. हाच मार्ग पुढे कल्याण, आसनगावमार्गे कसाऱ्याला पोहोचला. लोकलने शहापूरच्या फार्महाऊसवर जाणारे आजही आसनगावलाच उतरतात.

३१ जुलै १८६५ रोजी नानांचे निधन झाले. मुंबईतील नाना चौक त्यांच्याच नावाचा. वाडा किती सजवला होता, हे फारसे कोणी सांगत नाही. तिथे मुली शिकल्या, हे लक्षात राहिले.