गेऑर्ग एबरहार्ड रुम्फियस

गेऑर्ग एबरहार्ड रुम्फियस (१६२७ – १५ जून १७०२) हे जर्मनीत जन्मलेले, डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील निसर्ग-अभ्यासक होते. आजच्या इंडोनेशियातील अंबोन बेट व परिसरातील सुमारे १,२०० वनस्पतींचे वर्णन करणारा 'हर्बेरियम अंबोइनेन्से' हा त्यांचा प्रमुख ग्रंथ होय. ग्रंथाचा आरंभ माडापासून होतो. त्यामुळे हर्णे-आंजर्ले किनाऱ्यावरील वाचकालाही त्याची पहिली पाने परकी वाटू नयेत.

१६५२ मध्ये ते कंपनीत सैनिक म्हणून दाखल झाले. अंबोनला आल्यावर ते मुलकी सेवेत गेले आणि फावल्या वेळी वनस्पती जमवू लागले. १६७० मध्ये त्यांची दृष्टी गेली. लेखनिकांना लॅटिन येत नसल्याने तोवर लॅटिनमध्ये चाललेला ग्रंथ त्यांनी डच भाषेत नव्याने सांगावयास घेतला. १७ फेब्रुवारी १६७४ च्या भूकंपात पत्नी सुझाना व एक मुलगी मृत्युमुखी पडल्या. एका शुभ्र ऑर्किडला रुम्फियस यांनी सुझानाचे नाव दिले. त्याच पेक्टेलिस प्रजातीतील दुसरी एक जाती सह्याद्रीत आढळते. १६८७ च्या आगीत बहुतेक चित्रे जळाली. १६९२ मध्ये हस्तलिखित नेणारे जहाज फ्रेंचांनी बुडवले. गव्हर्नर-जनरल काम्फाउस यांनी आधीच नक्कल करवून ठेवल्यामुळेच ग्रंथ वाचला.

त्यांच्या नोंदींपैकी मुंग्यांच्या झाडांची नोंद विशेष लक्षणीय आहे. दुसऱ्या झाडाच्या फांदीवर वाढणाऱ्या, बुंध्याशी कंदासारख्या फुगलेल्या या अपिवनस्पतींच्या आत पोकळ्यांचे जाळे असते व त्यात मुंग्या राहतात. काळ्या मुंग्यांचे एक व तांबड्या मुंग्यांचे दुसरे, असे दोन प्रकार त्यांनी वेगळे केले. मात्र मुंग्यांच्या घरट्यालाच अंकुर फुटून हे झाड होते, असा त्यांचा समज होता. आज या वनस्पती हिड्नोफायटम व मिर्मेकोडिया या, कॉफीच्याच रुबिएसी कुलातील, प्रजातींत मोडतात. मुंग्या नसल्या तरीही पोकळ्या तयार होतात, हे जावा बेटावर मेल्खिओर ट्रॉइब यांनी १८८३ च्या सुमारास दाखवले. मुंग्यांना निवारा मिळतो, तर त्यांनी टाकलेल्या कचऱ्यातून झाडाला पोषण मिळते. अनुमान चुकले तरी झाड व मुंगी यांचा संबंध रुम्फियस यांनी अचूक हेरला होता, हे मान्य करावे लागते.

व्यापारी हितापोटी कंपनीने हस्तलिखित दीर्घकाळ प्रकाशित होऊ दिले नाही. योहानेस बुर्मान यांनी ते १७४१ ते १७५० या काळात सहा खंडांत छापले, तेव्हा रुम्फियस यांच्या निधनाला जवळजवळ चार दशके उलटली होती.