टॉमस बेल्ट

मध्य अमेरिकेतील अरण्यांत एक विलक्षण जातीची मुंगी आढळते. ती झाडांची पाने कातरते आणि त्यांचे तुकडे डोक्यावर उभे धरून वारुळाकडे नेते. शेकडो मुंग्यांची अशी रांग चालू लागली, म्हणजे जणू हिरवी निशाणेच मिरवत चालली आहेत, असा भास होतो. एवढी पाने या मुंग्या कशासाठी नेतात? कोणी म्हणत, त्या पाने खातात. बेट्स नावाच्या निसर्गशास्त्रज्ञाला वाटले, त्या पानांनी वारूळ शाकारतात. हे कोडे टॉमस बेल्ट या खाणकाम जाणणाऱ्या इंग्रज गृहस्थाने सोडविले.

बेल्टचा जन्म १८३२ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल या शहरी झाला. तारुण्यातच त्याला निसर्गनिरीक्षणाचा छंद जडला. १८५२ साली तो ऑस्ट्रेलियातील सोन्याच्या खाणींवर गेला. पुढे १८६८ साली निकाराग्वा देशातील सोन्याच्या खाणींचा कारभार त्याच्याकडे आला. तेथे त्याने हौसेने बाग लावली. केळी, संत्री आणि आंबे यांची रोपे वाढू लागली. पण १८६९ च्या जून महिन्यात मुंग्यांनी बागेवर धाड घातली आणि कोवळी पाने कातरून नेण्यास आरंभ केला.

बेल्ट मुंग्यांच्या वाटेने त्यांच्या वारुळापर्यंत गेला. त्याने पाण्यात जहाल औषध मिसळून ते बिळांत ओतले. बागेतील मुंग्या तत्काळ माघारी धावल्या. दुसऱ्या दिवशी पाहतो तो, मुंग्या जुने घर सोडून नवे घर बांधत होत्या, आणि जुन्या घरातून तपकिरी रंगाचे भुसभुशीत गोळे जपून वाहून नेत होत्या. संकटकाळी माणूस आपले मोलाचे धन आधी वाचवितो. मग या गोळ्यांत असे कोणते धन होते?

बेल्टने वारुळे खणून पाहिली. आत माणसाच्या डोक्याएवढ्या गोल खोल्या होत्या. त्यांत बारीक चावलेल्या पानांचा तोच स्पंजासारखा गोळा होता आणि त्यात पांढऱ्या बुरशीचे तंतू सर्वत्र पसरलेले होते. कस गेलेला चोथा मुंग्यांनी वेगळा टाकला होता. तेव्हा बेल्टने अनुमान काढले : पाने हे मुंग्यांचे अन्न नव्हे, ते खत आहे. त्या खतावर त्या बुरशीची शेती करतात आणि त्या पिकावर जगतात.

मुंग्यांची हुशारी त्याने खाणीच्या रुळांवरही पाहिली. डब्यांखाली असंख्य मुंग्या चिरडल्या जात. अखेर त्यांनी रुळांखालून बोगदे खणले. बेल्टने मुद्दाम ते बोगदे दगडांनी बुजविले, तरी त्या रूळ ओलांडीनात. त्यांनी नवे बोगदे खणले!

१८७४ साली बेल्टने हे सर्व आपल्या निकाराग्वावरील ग्रंथात लिहिले. डार्विननेही त्या ग्रंथाची मोठी वाखाणणी केली. परंतु बेल्टला आयुष्य थोडे लाभले. १८७८ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, अमेरिकेत त्याचे निधन झाले. पुढे १८९३ साली आल्फ्रेड म्योलर या जर्मन शास्त्रज्ञाने ब्राझीलमध्ये अभ्यास करून त्याचे अनुमान खरे असल्याचे दाखवून दिले. मुंग्यांची ही शेती कोट्यवधी वर्षांची आहे, हेही आता ज्ञात झाले आहे.

बाग उजाड करणाऱ्या शत्रूवर बेल्ट चिडला खरा. पण त्या शत्रूकडे त्याने कुतूहलानेही पाहिले. म्हणूनच त्याला मातीखालची ती अद्भुत शेती दिसली.