योगमहर्षी स्वामी कुवलयानंद

श्रीसमर्थ रामदासांचे जन्मग्राम जांब हे आपल्याच जालना जिल्ह्यात आहे, ही आपणां सर्वांस अभिमानाची गोष्ट होय. समर्थांनी ठिकठिकाणी मारुतीची स्थापना करून बलोपासनेचा मार्ग दाखविला. तथापि शनिवारी मारुतीस तेल वाहणारे आपण स्वतःच्या सांध्यांची काळजी कितपत घेतो, हा प्रश्न आम्ही ज्ञातिबांधवांस नम्रपणे विचारू इच्छितो. आपल्या शिंपी समाजाचा परंपरागत धंदाच असा की, मान खाली घालून व पाठ वाकवून तासन्‌तास शिलाईच्या यंत्रावर बसावे लागते. तयार कपड्यांच्या या दिवसांत पुष्कळ तरुणांनी तो धंदा सोडला. पण ते संगणकापुढे जाऊन बसले. वाकून बसणे काही सुटले नाही. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही स्वामी कुवलयानंदांचे चरित्र निवडले आहे. स्वामीजी आपल्या ज्ञातीचे नव्हते. परंतु थोर पुरुष हे कोणा एका ज्ञातीचे नसतातच.

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचा जन्म दि. ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेतील डभोई येथे झाला. वडील शिक्षक होते. घरची गरिबी असल्यामुळे शिक्षणासाठी त्यांना फार कष्ट सोसावे लागले. तरीही १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृत विषयाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली, आणि पुढे बडोदा कॉलेजातून १९१० साली ते पदवीधर झाले. विद्यार्थिदशेतच त्यांनी आजन्म ब्रह्मचर्याचे व्रत घेतले होते.

बडोद्यास जुम्मादादा व्यायामशाळेचे राजरत्न माणिकराव हे त्यांना पहिले गुरू लाभले. माणिकराव मल्लविद्येत निष्णात होतेच, शिवाय दुखावलेली हाडे व सांधे यांवरील उपचारांसाठीही त्यांची ख्याती होती. १९०७ ते १९१० या काळात जगन्नाथरावांनी त्यांच्यापाशी देशी व्यायामाचे शिक्षण घेतले. पुढे अमळनेर येथे खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या कार्यास त्यांनी वाहून घेतले व तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले. १९१९ साली नर्मदातीरावरील मालसर येथे परमहंस माधवदासजी यांची भेट झाली आणि त्यांच्या जीवनाला निराळेच वळण लागले. माधवदासजींपासून त्यांनी योगाची दीक्षा घेतली.

येथपर्यंतची कथा अनेक साधुपुरुषांच्या कथेसारखीच वाटेल. परंतु पुढे स्वामीजींनी जे केले, ते फार थोड्यांनी केले असेल. गुरूने शिकविलेल्या क्रियांवर त्यांची श्रद्धा होती. त्या क्रियांनी शरीरात नेमके काय घडते, हे मात्र पुराव्यानिशी पाहावे असे त्यांना वाटले. १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या सरकारी इस्पितळात, आपल्या काही विद्यार्थ्यांच्या साहाय्याने, उड्डियान व नौली या क्रियांची त्यांनी क्ष-किरणांखाली तपासणी केली. नौली करताना मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहून कमी होतो व त्यामुळे पाणी आपोआप वर ओढले जाते, असे त्यांस आढळून आले. या पोकळीस त्यांनी आपल्या गुरूचे नाव दिले.

१९२४ साली लोणावळा येथे त्यांनी कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. आसनांच्या वेळी रक्तदाब किती चढतो व उतरतो, प्राणायामात श्वासातील वायूंचे प्रमाण किती असते, यांची मोजमापे त्यात प्रसिद्ध होऊ लागली. प्राणायामाने शरीरास प्राणवायू फार अधिक मिळतो, ही लोकप्रिय समजूत मोजमापात टिकली नाही, तेव्हा ते त्यांनी न लपविता सांगितले. स्वपक्षाच्या विरुद्ध जाणारा पुरावाही मान्य करणे, हे खऱ्या शिक्षकाचे लक्षण होय.

ज्ञान ग्रंथांत कोंडून ठेवणे त्यांना रुचले नाही. १९३२ साली त्यांनी मुंबईत यौगिक आरोग्यकेंद्र उघडले. तेच १९३६ साली मरीन ड्राइव्हवर गेले. महात्मा गांधींनीही १९२७ मध्ये आपल्या प्रकृतीबाबत त्यांचा सल्ला घेतला होता. पुढे १९६१ साली जुनाट विकारांच्या रुग्णांसाठी लोणावळ्यास त्यांनी यौगिक रुग्णालय सुरू केले. सर्वांस एकच आसन न देता रुग्णाचे वय, शक्ती व विकार पाहून व्यायाम ठरवावा आणि तो क्रमाक्रमाने वाढवावा, ही त्यांची पद्धत होती. दि. १८ एप्रिल १९६६ रोजी स्वामीजींनी देह ठेवला. त्यांची संस्था आजही कार्य करीत आहे.

हे चरित्र आम्ही तरुणपणीच वाचले असते, तर एक दुःख कदाचित टळले असते. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी आमच्या थोरल्या भगिनी अंगणात घसरून पडल्या व त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया नीट झाली. आधार देऊन रोज थोडे चालवा, असे डॉक्टरांनी सांगितले होते. परंतु अक्का कण्हू लागल्या की आमचा जीव कासावीस होई, आणि त्या उठू पाहत तेव्हा आम्हीच त्यांना पुन्हा निजवीत असू. दोन महिन्यांत पायांतील शक्ती गेली, पाठीस जखमा पडल्या, आणि त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. आमच्या मायेनेच त्यांना खाटेस खिळविले, ही टोचणी अद्याप जात नाही.

पुढे आमचेच मनगट मोडले. प्लॅस्टर निघाले तेव्हा बोटे लाकडासारखी ताठ झाली होती. या खेपेस मात्र आम्ही शहाणे झालो होतो. व्यायामोपचार करणाऱ्या एका भगिनीच्या सांगण्यावरून कोमट पाण्यात मूठ मिटणे व उघडणे, कणकेचा गोळा दाबणे, खांदा हळूहळू वर नेणे, असा क्रम तीन महिने चालविला. हा लेख त्याच हाताने लिहिला आहे.

मोडलेले हाड योगासनांनी जुळते, असे आमचे म्हणणे नाही; तेथे प्रथम डॉक्टरच हवा. परंतु हाड जुळल्यावर माणूस पुन्हा उभा राहतो तो हालचालीने. ती कधी व किती करावी हे जाणत्यास विचारावे, आणि ठरले की घरच्यांनी रुग्णाचा हात धरून ती रोज करवून घ्यावी. थोडे दुखले म्हणून थांबू नये. फार दुखले किंवा सूज वाढली, तर पुन्हा विचारावे. यंत्रावर अथवा कचेरीत बसणाऱ्यांनी तासाभराने उठून मान, खांदे व पाठ मोकळी करावी. यास खर्च काहीच नाही.

आपल्या घरांतील वृद्ध मातापितरांस खाटेवर निजवून ठेवण्याऐवजी त्यांना आधार देऊन अंगणापर्यंत चालविण्याचा निश्चय ज्ञातिबांधवांनी केला, तर स्वामीजींचे हे अल्पसे चरित्र लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू. इति शम्‌.