हिशेब मांडणारे बाबासाहेब

एप्रिल महिना आला की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील आपल्या वस्त्यांत निळ्या पताका लागतात. विहारात बुद्धवंदना होते, मिरवणूक निघते आणि वक्ते बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी वाचतात. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-अ‍ॅट-लॉ. टाळ्या पडतात. परंतु या पदव्या कोणत्या प्रश्नांचा अभ्यास करून मिळाल्या, हे विचारले तर सभेत शांतता पसरते. राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून आपण त्यांना ओळखतो आणि धम्मदीक्षा देणारे बोधिसत्त्व म्हणून वंदन करतो. पण आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे ज्यांनी पैसा, कर, जमीन आणि मजुरी यांचा हिशेब मांडण्यात घालविली, ते अर्थशास्त्राचे संशोधक बाबासाहेब आपल्याला जवळजवळ अपरिचितच राहिले आहेत. त्यांच्या चरित्राची ही बाजू आज पाहू.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे लष्करी छावणीत त्यांचा जन्म झाला. घराणे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावचे. वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेतले शिक्षक. साताऱ्याच्या शाळेत वेगळे बसून आणि मुंबईत परळच्या चाळीतल्या एका खोलीत रात्री जागून हा मुलगा शिकला. १९०७ साली मॅट्रिक झाला, पुढे एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवीधर झाला. फेब्रुवारी १९१३ मध्ये वडील गेले. त्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन जुलै महिन्यात भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले.

कोलंबिया विद्यापीठात त्यांनी काय निवडले हे पाहण्यासारखे आहे. तेथे त्यांनी अर्थशास्त्राचे एकोणतीस अभ्यासक्रम घेतले. इतिहासाचे अकरा, समाजशास्त्राचे सहा, तत्त्वज्ञानाचे पाच. प्रा. सेलिग्मन हे सार्वजनिक अर्थव्यवहाराचे जगन्मान्य पंडित त्यांना गुरू म्हणून लाभले. एखाद्याला वाटेल, ज्याला शाळेत पाण्याच्या भांड्याला हात लावू दिला नाही, त्याने धर्मशास्त्र किंवा कायदा आधी शिकावा. त्यांनी आधी राज्याची तिजोरी उघडून पाहिली. पैसा कोणाकडून येतो आणि कोणावर खर्च होतो हे ज्याला कळले, त्याला राज्य कोणाचे आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

१९१५ साली एम.ए.साठी त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराचा आणि अर्थव्यवहाराचा अभ्यास केला. १७९२ ते १८५८ या काळातील कंपनीचे उत्पन्न आणि खर्च त्यांनी तपासला. जमीन महसूल आणि मिठावरचा कर गोरगरिबांकडून कसा वसूल झाला, त्यातून लोकोपयोगी कामांवर किती थोडे खर्च झाले आणि कंपनीच्या कर्जाचा बोजा शेवटी हिंदी रयतेच्या डोक्यावर कसा आला, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखविले. पीएच.डी.चा प्रबंध याहून मोठा होता. मध्यवर्ती सरकार आणि प्रांत यांच्यात पैशाची वाटणी कशी होत गेली, याचा तो शोध होता. पुढे वाढवून १९२५ साली तो लंडनमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात १८३३ ते १९२१ पर्यंतचा काळ आला होता. १९२७ साली कोलंबियाने रीतसर पदवी दिली. आज केंद्राने राज्यांना किती पैसा द्यावा यावर वाद होतो, त्या वादाची मुळे तपासणारा हा ग्रंथ एका महार सुभेदाराच्या मुलाने लिहिला आहे.

संशोधनाची वाट सरळ मात्र नव्हती. १९१६ साली ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली परतावे लागले. महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान ज्या बोटीतून येत होते ती पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली आणि जमविलेली पुस्तकेही समुद्राच्या तळाशी गेली. बडोद्यास नोकरीवर हजर झाले, तर राहायला जागा मिळेना, शिपाई कागद दुरून फेकीत. ते मुंबईस परत आले आणि पोटासाठी शेअर-रोख्यांच्या व्यवहारात सल्ला देणारी पेढी काढली. सल्ला चांगला होता, गिऱ्हाइके येऊ लागली. पण सल्लागाराची जात कळताच ती येईनाशी झाली आणि पेढी बंद पडली. बाजारात फक्त नफा-तोटा पाहिला जातो, असे अर्थशास्त्राची पुस्तके सांगतात. बाजारालाही जात असते, हे या अर्थशास्त्रज्ञाने स्वतःच्या पेढीवर अनुभवले.

नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी त्यांचा एक निबंध इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विषय होता हिंदुस्थानातील लहान शेतजमिनी आणि त्यावरील उपाय. शहापूर-मुरबाडच्या वाचकाने बाबासाहेबांचे दुसरे काही वाचले नाही तरी हा निबंध समजून घ्यावा, कारण तो आपल्याच बांधावरचा आहे.

आपल्याकडे खाचरात भात आणि वरकस जमिनीवर नागली-वरई. शेती पावसावर. बापाची दोन एकर जमीन चार भावांत वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला वीस गुंठे येतात, तीही तीन ठिकाणी तुकड्यातुकड्यांनी. सातबाऱ्यावर नावांची रांग लागते. भात झोडून झाले की कुणी भिवंडी-कल्याणकडे मजुरीला जातो, कातकरी कुटुंबे वीटभट्टीची वाट धरतात. त्या काळचे सरकारी आणि विद्वान मत असे होते की जमिनीचे तुकडे हाच रोग आणि तुकडे जोडणे हेच औषध. डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाची पाहणी केली होती. १७७१ साली तेथे सरासरी चाळीस एकरांचे असलेले धारण १९१५ च्या सुमारास सात एकरांवर आले होते. ही पाहणी बाबासाहेबांनी अभ्यासली. आकडे त्यांनी नाकारले नाहीत, आकड्यांतून काढलेले अनुमान तपासले.

त्यांचा मुद्दा सोपा आणि खोल आहे. जमीन किती एकर असली म्हणजे पुरेशी, हे कुटुंबाच्या पोटावरून ठरविता येत नाही. शेती हा उत्पादनाचा धंदा आहे. त्यात जमीन, श्रम आणि भांडवल या तिन्हींचे प्रमाण जुळावे लागते. ज्याच्याकडे बैलजोडी नाही, बी-खताला पैसा नाही, त्याला दोन एकरही जास्त होतात. ज्याच्याकडे पाणी, अवजारे आणि पैसा आहे, त्याला तेवढ्यातच पुष्कळ पिकविता येते. तेव्हा नुसते तुकडे जोडून दारिद्र्य हटणार नाही. खरा रोग असा की शेतीला जितकी माणसे लागतात त्याहून कितीतरी अधिक माणसे दुसरे काम नसल्यामुळे तिच्यावर लोंबकळत आहेत. हे रिकामे हात काही निर्माण करीत नाहीत, पण पोट तर प्रत्येकाला आहे. त्यामुळे शिल्लक उरत नाही आणि शिल्लक नाही म्हणून शेतीत भांडवल येत नाही. यावर त्यांनी सुचविलेला उपाय म्हणजे औद्योगिकीकरण. जादा हातांना कारखान्यात काम मिळाले की जमिनीवरचा भार आपोआप हलका होईल. ज्या तरुणाला लोक शेतीचा प्रश्न विचारीत होते, त्याने उत्तर शेतीच्या बाहेर शोधले होते.

ही केवळ पुस्तकी मांडणी राहिली नाही. १९२७ साली मुंबई कायदे मंडळात लहान शेतकऱ्यांच्या नावाने धारणजोडणीचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला विरोध केला. तुकडे एकत्र करण्याच्या नावाखाली गरिबाची जमीन जाईल आणि तो भूमिहीन मजूर बनेल, हा धोका त्यांनी दाखविला आणि त्याऐवजी सहकारी शेतीचा मार्ग सुचविला. १९३७ साली त्यांनी कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर नेला. अभ्यास, विधेयक आणि मोर्चा ही त्यांच्या कार्याची तीन पावले एकाच दिशेने पडत होती.

आता रुपयाच्या प्रश्नाकडे वळू. १९२० साली सिडनहॅमची नोकरी सोडून, पगारातली बचत, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज यांवर ते पुन्हा लंडनला गेले. अर्धपोटी राहून ग्रंथालयांत दिवस काढले. मागे मुंबईत माता रमाई दारिद्र्याशी झुंजत होत्या. या दांपत्याची चार अपत्ये लहानपणीच गेली. डॉक्टरेटच्या मागे उभ्या असलेल्या या कष्टांचे प्रमाणपत्र कोणत्याही विद्यापीठाने दिलेले नाही.

१९२१ साली एम.एस्सी. झाली. १९२२ च्या ऑक्टोबरात त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध सादर केला. परीक्षकांनी तो फेरलेखनासाठी परत पाठविला. पैसे संपले होते, म्हणून एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईस परतले, येथे बसून मांडणीत फेरफार केला आणि निष्कर्षांना धक्का न लावता प्रबंध पुन्हा पाठविला. वर्षअखेर डी.एस्सी. मिळाली आणि ग्रंथही प्रसिद्ध झाला. त्याला प्रा. कॅनन यांची प्रस्तावना आहे. काही मते पटत नसल्याचे नमूद करूनही त्यांनी ती लिहिली.

ग्रंथाचा गाभा असा. १८९३ साली सरकारने टांकसाळी लोकांसाठी बंद केल्या. पूर्वी कोणीही चांदी देऊन रुपये पाडून घेऊ शकत असे, आता रुपये किती पाडायचे हे सरकारच्या हाती गेले. पुढे रुपयाचा दर एक शिलिंग चार पेन्स असा बांधला. केन्स यांच्यासारख्या मोठ्या अर्थशास्त्रज्ञाने या सुवर्ण विनिमय पद्धतीचे १९१३ साली समर्थन केले होते. बाबासाहेबांनी तिला हरकत घेतली. विलायतेतला दर स्थिर राहिला, पण देशातले भाव चढत राहिले, तर गरिबाला काय उपयोग, हा त्यांचा प्रश्न होता. सरकार मनाला येईल तितके रुपये पाडू शकते, तोवर रुपयाची खरेदीशक्ती सुरक्षित नाही, म्हणून चलन काढण्याच्या अधिकारालाच मर्यादा घाला, असा त्यांचा आग्रह होता. मुरबाडच्या बाजारात मीठ, मिरची आणि तेल घेणाऱ्या मजुराला हे समजायला पदवी लागत नाही. मजुरी तीच राहते आणि भाव वाढतो, तेव्हा कुणी हात न लावता त्याचा खिसा कापला जातो.

डिसेंबर १९२५ मध्ये चलनाचा विचार करणाऱ्या शाही आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. रुपया स्वस्त ठेवावा, अशी व्यापारी वर्गाची मागणी होती. स्वस्त रुपयाने व्यापाऱ्याला जो फायदा होतो, तो परदेशातून येत नाही, येथल्याच मजुरीवर जगणाऱ्यांच्या वाट्यातून येतो, हे त्यांनी आयोगापुढे ठेवले. रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनीच स्थापन केली, असे आपल्याकडे व्यासपीठावरून सर्रास सांगितले जाते. ते तसे नाही. ती बँक १९३४ च्या कायद्याने आली आणि १९३५ साली सुरू झाली. बाबासाहेबांनी चलनाचा मूलगामी विचार मांडला, आयोगापुढे साक्ष दिली, हे त्यांचे खरे कार्य आहे आणि ते पुरेसे मोठे आहे. ज्याने आयुष्यभर पुराव्यावाचून शब्द लिहिला नाही, त्याच्या नावावर आपण पुराव्यावाचून काही चढवू नये.

पुढील आयुष्यातही हा संशोधक झोपला नाही. १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीचे ते सभासद होते. अस्पृश्य आणि आदिवासी यांची मुंबई इलाख्यातील स्थिती या समितीने तपासली आणि १९३० साली अहवाल दिला. आपल्या शेजारच्या ठाकूर-कातकरी बांधवांचा प्रश्नही त्या चौकशीच्या कक्षेत होता. १९४२ ते १९४६ या काळात ते मजूरमंत्री असताना रेगे समितीकडून देशभरच्या कामगारांच्या मजुरीची आणि राहणीची पाहणी झाली. १९५३ साली त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत वाणिज्य आणि अर्थशास्त्राचे सिद्धार्थ महाविद्यालय काढले, ते आपल्या मुलांना हिशेबाची भाषा यावी म्हणूनच.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. संशोधन आणि धम्म या दोन वेगळ्या वाटा आहेत असे कुणाला वाटेल. पण तथागतांनी कालामांना काय शिकविले? परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून काही मानू नका, स्वतः पारखून घ्या. दुःख आहे, त्याला कारण आहे, कारण दूर करता येते, ही धम्माची मांडणी म्हणजे कार्यकारणाचा शोधच होय. लहान शेतीच्या निबंधात बाबासाहेबांनी दुसरे काय केले? दारिद्र्य हे दुःख पाहिले, लोक सांगत होते ते कारण पारखले, खरे कारण शोधले आणि उपाय सांगितला. दैव आणि पूर्वजन्म यांना त्यात जागा नव्हती.

आता आपला हिशेब. तानसा, मोडक सागर आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात. मुंबईच्या नळांना पाणी येथून जाते आणि उन्हाळ्यात येथल्याच पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. कोणत्या वस्तीला किती दिवस पाणी नाही, आपल्या वस्तीत किती जणांच्या नावे जमीन आहे, मुली कोणत्या इयत्तेत शाळा सोडतात, याची साधी वही आपल्यापैकी किती विहारांत आहे? मिरवणुकीच्या वाद्यांवर एका रात्रीत जो पैसा उडतो, त्यात चार मुलांची वर्षाची पुस्तके येतात. वाणिज्य किंवा सांख्यिकी शिकणारी मुले-मुली आता आपल्या घरांत आहेत. त्यांच्या हाती ही वही द्या. घरोघर जाऊन ती भरू द्या आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचू द्या. पुराव्यापुढे अधिकाऱ्यालाही उत्तर द्यावे लागते.

महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांचे हे अर्थशास्त्रीय ग्रंथ पुन्हा छापले आहेत. निदान लहान शेतीवरचा निबंध तरी पुढच्या जयंतीला प्रत्येक विहारात वाचला जावा. मग पदव्यांची यादी वाचली नाही तरी चालेल. जयभीम.