न थांबणाऱ्या चाकाचा स्वार : मॉरिस गारिन

१ जुलै १९०३. पॅरिसजवळच्या माँजरों गावातील एका खानावळीबाहेर दुपारी ६० सायकलस्वार जमले होते. पुढ्यात लियॉंपर्यंतचा ४६७ किलोमीटरचा रस्ता होता. तीन वाजून सोळा मिनिटांनी इशारा झाला आणि जगातील सर्वांत नामांकित सायकल शर्यत, टूर द फ्रान्स, प्रथमच सुरू झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास लियॉंच्या वेशीत जो स्वार सर्वांत आधी शिरला, तो ठेंगण्या बांध्याचा आणि मोठ्या मिशांचा होता. संपूर्ण रात्र पॅडल मारीत आलेला हा स्वार म्हणजे मॉरिस गारिन.

गारिनचा जन्म ३ मार्च १८७१ रोजी इटलीच्या आओस्ता खोऱ्यातील आर्विए या डोंगरी खेड्यात झाला. घरची गरिबी होती. आल्प्स ओलांडून हे कुटुंब कामाच्या शोधात फ्रान्समध्ये आले. वाटेत मुलाला चीजच्या एका मोठ्या चकतीच्या बदल्यात कोणाच्या तरी हवाली केले गेले, अशी आख्यायिका आहे. तिला पुरावा नाही. मात्र घरांच्या अरुंद धुराड्यांत शिरून काजळी खरवडण्याचे काम तो कोवळ्या वयापासून करीत होता, हे खरे. पुढे कीर्ती मिळाल्यावरही ‘धुराडी साफ करणारा पोरगा’ ही ओळख त्याला कायमची चिकटली.

४०५ फ्रँकची सायकल

बेल्जियमच्या सीमेलगतच्या मोबूज गावात स्थिरावल्यावर १८८९ मध्ये त्याने ४०५ फ्रँकना पहिली सायकल घेतली. काजळी खरवडून पोट भरणाऱ्यासाठी ही रक्कम डोळे पांढरे करणारी होती. गावातून तो इतक्या बेभान वेगाने जाई, की लोक त्याला वेडा म्हणू लागले. १८९२ मध्ये मोबूज-इरसाँ-मोबूज या २०० किलोमीटरच्या शर्यतीत तो पाचवा आला.

आवेन येथील शर्यतीची कथा नेहमी सांगितली जाते. शर्यत केवळ व्यावसायिकांसाठी आहे, असे सांगून संयोजकांनी त्याला सुरुवातीच्या रेषेवरच अडवले. तो बाजूला उभा राहिला, सर्व स्वार निघून गेल्यावर त्यांच्या मागे सुटला आणि एकेकाला गाठत सर्वांच्या पुढे निघून गेला. संयोजकांनी १५० फ्रँकचे बक्षीस नाकारले. तेव्हा प्रेक्षकांनीच वर्गणी काढून त्याच्या हातावर ३०० फ्रँक ठेवले. धुराड्यांच्या कामापेक्षा सायकलवर अधिक मिळते, हा हिशेब त्याला उमगला आणि तो व्यावसायिक झाला.

पायांना विसावा नाही

गारिनचे यश समजून घ्यायचे तर त्या काळची सायकल समजून घ्यावी लागते. आज उतारावर पाय स्थिर ठेवले तरी चाक फिरत राहते, ते फ्रीव्हीलमुळे. तेव्हाच्या शर्यतीच्या सायकलला बहुधा ही सोय नसे. मागचे दातेरी चक्र हबला पक्के बसवलेले असे. चाक फिरते आहे तोवर पॅडल फिरणार आणि पॅडल फिरते आहे तोवर पायही फिरणार. उतारावर चाक पायांना फरफटत नेई. वेग कमी करायचा तर पायांनीच उलटा जोर लावावा लागे. गिअर एकच, त्याची निवड निघण्यापूर्वी करायची. सपाटीला मानवणारा गिअर चढावर जीव काढी, तर चढाला सोपा गिअर सपाटीवर नुसतेच पाय फिरवायला लावी.

या रचनेचा लाभही होता. यंत्र जितके साधे, तितके बिघडायला कमी. चेन, दोन दातेरी चक्रे, चाके आणि सांगाडा. दुरुस्तीही स्वाराला स्वतः करता येई. खांद्यावर आडवे अडकवलेले जादा टायर घेऊन तो शेकडो किलोमीटर जाऊ शके. वजन मात्र आजच्या शर्यतीच्या सायकलीच्या दुपटीहून अधिक. अशा सायकलवर क्षणिक वेगापेक्षा तासन्तास एक लय टिकवण्याला महत्त्व होते आणि गारिनचे बळ नेमके तेथेच होते.

फेब्रुवारी १८९५ मध्ये पॅरिसच्या कडाक्याच्या थंडीत झालेल्या चोवीस तासांच्या शर्यतीत त्याने ७०१ किलोमीटर अंतर कापले. थंडीने एकेक प्रतिस्पर्धी बाहेर पडत असताना तो मध्येमध्ये खात फिरतच राहिला. त्याच वर्षी भावांसह त्याने रुबे येथे सायकलचे दुकान थाटले. पॅरिस-रुबे शर्यत १८९६ मध्ये सुरू झाली, तेव्हा तो तिसरा आला. १८९७ आणि १८९८ मध्ये त्याने ती जिंकली.

१९०१ ची पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस ही सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत त्याने ५२ तास ११ मिनिटांत पूर्ण केली. दहा वर्षांपूर्वी शार्ल तेराँ याला त्याच शर्यतीसाठी एकाहत्तर तासांहून अधिक वेळ लागला होता. १९०१ च्या अखेरीस गारिन फ्रान्सचा नागरिक झाला.

शिखर आणि कडेलोट

पहिल्या टूरचे अंतर होते २४२८ किलोमीटर आणि टप्पे अवघे सहा. साठांपैकी एकवीस जणच पॅरिसला परतले. गारिनने पहिला, पाचवा आणि सहावा टप्पा जिंकला. त्याचा एकूण वेळ ९४ तास ३३ मिनिटे होता. दुसरा आलेला ल्युसियाँ पोथिए जवळजवळ तीन तास मागे राहिला. विजेत्याला सहा हजार फ्रँकहून अधिक रक्कम मिळाली.

पुढच्याच वर्षी सारे बिघडले. १९०४ च्या टूरमध्ये रस्त्यावर खिळे पेरले गेले, स्वारांवर हल्ले झाले. सेंत-एतिएनजवळच्या घाटात अंधारात स्थानिक स्वाराच्या समर्थकांनी गारिनलाही मारहाण केली. तरीही पॅरिसमध्ये तो पुन्हा पहिला आला. मात्र काही स्वारांनी मधले अंतर आगगाडीने कापल्याच्या तक्रारी होत्या. चौकशीनंतर त्या वर्षाच्या अखेरीस फ्रेंच सायकल संघटनेने पहिल्या चौघांना बाद केले. त्यांत गारिन, त्याचा भाऊ सेझार, पोथिए आणि ओकुतुरिए होते. पाचवा आलेला एकोणीस वर्षांचा आँरी कॉर्ने विजेता ठरला. गारिनवर दोन वर्षांची बंदी आली.

त्याच्याविरुद्ध नेमका कोणता पुरावा होता, हे संघटनेने उघड केले नाही आणि चौकशीची कागदपत्रे पुढे महायुद्धाच्या धामधुमीत हरवली. त्या काळी गारिनने आरोप नाकारले. वृद्धापकाळी मात्र आगगाडीची गोष्ट त्याने हसत हसत कबूल केल्याचे सांगितले जाते. बावन्न तास पाय न थांबवणाऱ्या माणसाने रेल्वेच्या डब्यात पाय पसरले असतील, तर ते का, याचा उलगडा झालेला नाही. त्याची आधीची कामगिरी मात्र अबाधित राहिली.

बंदीनंतर त्याची व्यावसायिक कारकीर्द जवळपास संपली. तरीही १९११ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, तो पुन्हा पॅरिस-ब्रेस्त-पॅरिसला उतरला आणि दहावा आला. उत्तर फ्रान्समधील लाँस या खाणींच्या गावी त्याने गॅरेज चालवले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच्या नावाचा व्यावसायिक संघही रस्त्यावर दिसला. १९५३ मध्ये टूरच्या पन्नाशीनिमित्त पॅरिसमध्ये जुन्या विजेत्यांचा मेळावा भरला, तेव्हा ब्याऐंशी वर्षांचा गारिन तेथे उपस्थित होता. १९ फेब्रुवारी १९५७ रोजी लाँस येथे त्याचे निधन झाले.

पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस आता शर्यत उरलेली नाही. ठरलेल्या मुदतीत, बहुतेकांसाठी नव्वद तासांत, अंतर पूर्ण करण्याची ती हौशी सायकलस्वारांची मोहीम झाली आहे. २०१९ आणि २०२३ मध्ये भारतातून अनेक स्वार तेथे गेले. त्यांत महाराष्ट्रातीलही होते. त्या मार्गावर आजही काही जण फ्रीव्हील नसलेली, एकाच गिअरची सायकल घेऊन उतरतात आणि ब्रेस्तला जाऊन परत येईपर्यंत त्यांचे पाय फिरत राहतात.